ड्रायव्हरची बाजू

जरा डोळे मिटा बघू. मिटलेत? आता कल्पना करा, की तुमच्यापुढे एक छोटी लाल गाडी उभी आहे. तिला छप्पर नाही, मागची सीट नाही. दोन माणसं बसतील एवढीच जागा. बॉनेट लांब, शेपटी आखूड, जणू उडी मारायच्या बेतात दबा धरून बसलेलं मांजर. आत एक आजोबा बसले आहेत. त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन गुरगुरलं, आणि त्यांनी स्टिअरिंग अगदी थोडंसं डावीकडे वळवलं. त्याबरोबर ते हिसडा मारून त्यांच्या हातातून सुटलं आणि उलट्या बाजूला गरगर फिरलं. जसं काही एखादा न दिसणारा पैलवान गाडीखाली बसून ते ओढत होता.

उघडा डोळे. दचकलात ना? तुम्ही तर नुसती कल्पना केलीत. अकरा वर्षांची निकिता त्या गाडीसमोर चार पावलांवर उभी होती आणि तिनं हे खरोखर पाहिलं. तिच्या पांढऱ्या फ्रॉकवर लिंबाच्या बिया उडाल्या तरी तिला कळलं नाही.

लिंबू कुठून आलं, ते पुढे येईलच. आधी गाडी तिथे कशी आली ते ऐका.

ही गोष्ट २००३ सालची. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि पुण्याच्या रस्त्यांवर रोज एखादी नवी, आजवर न पाहिलेली गाडी दिसायची. कात्रजला, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, निकिताच्या आजोबांचं गॅरेज होतं. त्यांना सगळे कचरू मिस्त्री म्हणत. निकिता त्यांना आबा म्हणायची. आबा मूळचे लोणी काळभोरचे. सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकच्या गॅरेजात ते लहानपणापासून काम शिकले होते, आणि ट्रकवाल्यांची भाषा त्यांच्या जिभेवर कायमची बसली होती.

लाल गाडी महिपतराव वानखडे यांची. ते निवृत्त इंजिनिअर, मूळचे अमरावतीकडचे, पण चाळीस वर्षं पुण्यात काढल्यानं त्यांच्या बोलण्याला चांगलीच पुणेरी धार आली होती. गाडी त्यांनी तरुणपणी परदेशी वकिलातीतल्या एका साहेबाकडून घेतली होती. त्या साहेबाच्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. पुढे महिपतरावांनी तिच्यात हौसेनं मोठं इंजिन बसवलं, रुंद टायर घातले. गाडी दिसायला झोकदार झाली आणि वळवायला महाकठीण. तुम्ही कधी ओल्या वाळूनं भरलेली हातगाडी जागच्या जागी वळवून पाहिलीत? तसं.

तरी महिपतराव ती वळवत. मग दोन वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा गेला. दुखणं बरं झालं, पण बळ परत आलं नाही. तेव्हापासून ते दर रविवारी आवरून, रुमाल घडी करून खिशात घालून खाली यायचे, गाडीत बसायचे, इंजिन दहा मिनिटं चालवायचे आणि बंद करून वर जायचे.

त्यांची मुलगी प्रियदर्शनी हे वरच्या गॅलरीतून पाहायची. ती संगणकाच्या कंपनीत होती. एके दिवशी ती इंटरनेटवरून काढलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन आबांकडे आली.

"काका, ह्या गाडीला पॉवर स्टिअरिंग लावता येईल?"

आबांनी कागद उलटे धरून पाहिले, सुलटे धरून पाहिले. "लावता काय येत न्हाय ताई? पण ह्या गाडीसाठी ते बाजारात मिळणार न्हाय. दुसऱ्या गाडीचं काढून हिला बसवावं लागंल."

"मग बसवा. बाबांनी एकदा तरी ती पुन्हा चालवायला हवी. एका बोटानं फिरलं पाहिजे बघा."

"एका बोटानं फिरंल," आबा म्हणाले. कचरू मिस्त्री असं म्हणाले की ते झालंच, हे कात्रजमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

आबांनी भंगारातून एक पांढरी गाडी आणली. मागून पार चेपलेली, पण पुढून धड. ती गॅरेजच्या मागच्या अंगणात उभी राहिली आणि निकिताला खेळायला गाडी मिळाली. शाळेतून आल्यावर ती तिच्यात बसून नसलेला हॉर्न वाजवत महाबळेश्वरला जाऊन यायची.

त्या पांढऱ्या गाडीखाली आबांनी तिला पॉवर स्टिअरिंग दाखवलं. "ही बघ पिचकारी. रंगपंचमीची पिचकारी एकाच तोंडानं पाणी घेती, हिला दोन तोंडं हायेत. ह्या टोकातनं तेल आलं की दांडा तिकडं सरकतो, त्या टोकातनं आलं की इकडं. दांडा सरकला की चाकं वळत्यात."

"आणि तेल कुणीकडून सोडायचं ते कोण ठरवतं?"

"ही वरची तोटी. तू स्टिअरिंग जरा वळवलंस की तोटीला कळतं पोरीला कुठं जायचंय. मग ती त्या बाजूच्या नळीत तेल सोडती. तू फक्त सांगायचं. जोर तेलाचा."

निकिताला हे फार आवडलं. आपण फक्त सांगायचं आणि जोर दुसऱ्यानं लावायचा, असं तिच्या घरात एरवी तिची आई राधाच करायची.

तोटीपासून पिचकारीपर्यंत दोन नळ्या जात होत्या. दिसायला जुळ्या बहिणी. प्रियदर्शनी कागद वाचून म्हणाली, "काका, सोडवताना लेफ्ट आणि राईट लिहून ठेवा हं. नळ्या बदलल्या तर घोटाळा होतो असं इथे लिहिलंय."

आबा गाडीखालून हसले. "डावं-उजवं मला सांगू नका ताई. मी गाडीखाली उताणा झोपतो. कधी डोकं पुढं, कधी डोकं मागं. डावं कुठलं नि उजवं कुठलं, दर घटकेला बदलतं. आमच्यात दोनच बाजू. ड्रायव्हर साईड नि क्लीनर साईड. उताणं झोपा, पालथं झोपा, ड्रायव्हर काय आपली जागा सोडत न्हाय."

ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या पलीकडे मदतनीस बसतो, त्याला क्लीनर म्हणतात. म्हणून ती क्लीनर साईड.

"निकिता, चिकटपट्टी आण. तुझं अक्षर चांगलं हाय. नळीला एक पट्टी, नि नळी जिथं जाती तिथं दुसरी पट्टी. दोन्हीवर एकच लिही."

निकितानं काळ्या पेनानं, जीभ दातांत धरून लिहिलं. एका नळीवर 'ड्रा', एका नळीवर 'क्ली'. मग गाडीच्या सांगाड्यावर, पिचकारीची टोकं जिथे बसली होती तिथे, तीच अक्षरं. 'ड्रा'च्या कान्याला तिनं खाली एक वळसा दिला. तो तिचा खास वळसा होता.

पुढचे तीन आठवडे आबांनी पिचकारी, तोटी, पंप असं सगळं लाल गाडीत बसवलं. पिचकारी जशी पांढरीत होती तशीच, तेच टोक त्याच बाजूला. कुठे आधाराला नवा लोखंडी कान वेल्डिंग केला, कुठे पट्टा बदलला. नळ्या जोडल्या तेव्हा निकिताची सहामाही परीक्षा होती. ती तिथे नव्हती.

आणि दसरा आला.

दसऱ्याला महिपतरावांना गाडी मुहूर्तावर बाहेर काढायची होती. आबांच्या घरी दसऱ्याचा मान वेगळा. बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली तो दिवस. म्हणून आबांनी आणि निकितानं पांढरे कपडे घातले होते, दुपारी दोघांना विहारात जायचं होतं. राधानं निघताना बजावलं होतं, "फ्रॉकला ऑईलचा एक जरी डाग दिसला ना, तर दोघांनीही घरी येऊ नका."

महिपतराव हार, नारळ आणि दोन लिंबं घेऊन आले. नवी गाडी लिंबावरून न्यायची, तशी ही. गाडी अजून जॅकवर होती, चाकं जमिनीपासून वीतभर वर.

"साहेब, दहा मिनिटं द्या," आबा म्हणाले. "आधी जॅकवर चालू करून बघू. काल रात्री पंपाचा पट्टा चढवलाय. अजून इंजिन चालू केलेलं न्हाय."

महिपतरावांनी घड्याळ पाहिलं. "कचरूशेठ, मुहूर्त नऊ बावन्नचा आहे. तो काय जॅकवर थांबतो का?"

"मुहूर्त तुमचा, लिंबं तुमची. नट माझे हायेत."

"नटांवर माझा पूर्ण विश्वास आहे. घड्याळावर नाही."

"बाबा, दहा मिनिटांनी काय होतंय?" प्रियदर्शनी म्हणाली.

"दोन वर्षं झाली," महिपतराव म्हणाले. आणि ते इतक्या हळू म्हणाले, की आबा जॅककडे वळले. त्यांनी जॅक उतरवले. रुंद टायर जमिनीला टेकले. महिपतरावांनी स्वतः वाकून पुढच्या दोन्ही चाकांपुढे लिंबं ठेवली, हार घातला, आत बसले, खिशातून रुमाल काढून स्टिअरिंग पुसलं. त्यांचा चेहरा सहलीला निघालेल्या पोरासारखा झाला होता.

मग त्यांनी किल्ली फिरवली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

स्टिअरिंग गरगर फिरलं आणि त्याच्या लोखंडी आऱ्यात महिपतरावांचा अंगठा सापडला. रुंद टायर जागच्या जागी कर्कश आवाज करत वळले. एक लिंबू चिरडून बाजूला उडालं, बिया निकिताच्या अंगावर आल्या. चाकं शेवटपर्यंत वळून थांबली, तरी स्टिअरिंग थरथरतच होतं, अजून वळायला जागा शोधत. हार तुटून टायरखाली आला.

"बंद करा! इंजिन बंद!" आबा ओरडले. त्यांनी बाहेरूनच हात घालून किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं आणि शेजारच्या रसवंतीतल्या घुंगरांचा आवाज ऐकू आला.

महिपतराव पांढरेफटक पडले होते. अंगठा सुजायला लागला होता, पण ते त्याच्याकडे बघतच नव्हते. ते स्टिअरिंगकडे बघत होते. घरचं कुत्रं अचानक चावावं, आणि माणसानं त्याच्याकडे बघावं, तसं.

प्रियदर्शनीनं त्यांना धरून बाहेर काढलं. रसवंतीतून बर्फ आला. आबांनी स्टूल दिलं. महिपतरावांनी अंगठा बर्फात धरला.

"प्रिया, गाडी विकून टाक."

"बाबा, असं काय करता? काका बघतायत ना."

"मी वळवलं डावीकडे. ते गेलं उजवीकडे. पस्तीस वर्षांची गाडी माझी. मला ओळखेनाशी झाली. रस्त्यावर असतो तर आज एखाद्याच्या अंगावर गेलो असतो. नको. विकून टाक."

आबा पांढऱ्या शर्टानिशी तसेच गाडीखाली शिरले होते. निकिता उकिडवी बसून त्यांचे पाय बघत होती. आतून त्यांचा आवाज येत होता, स्वतःशी बोलल्यासारखा.

"पंप बरोबर. पट्टा बरोबर. ड्रायव्हर साईडला 'ड्रा', बरोबर. क्लीनर साईडला 'क्ली', बरोबर. सगळं बरोबर हाय."  मग पुन्हा पहिल्यापासून, "पंप बरोबर. पट्टा बरोबर..."

तीनदा त्यांनी तपासलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ काळी झाली होती आणि चेहरा निकितानं कधी पाहिला नव्हता असा झाला होता. आबा चिडलेले तिला माहीत होते, दमलेले माहीत होते. घाबरलेले आबा ती पहिल्यांदाच बघत होती.

ते ऑईलच्या रिकाम्या डब्यावर बसले. "चूक असती तर काढली असती साहेब. चूक सापडतच न्हाय. म्हणजे चूक गाडीत न्हाय, माझ्या डोक्यात हाय." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला. "चाळीस वर्षांत माझ्या हातनं झालेल्या गाडीनं कुणाला मारलं न्हाय. आज मारलं. आता बास. उद्यापासनं शटर उघडणार न्हाय."

"काका, असं लगेच..." प्रियदर्शनी म्हणाली.

"लगेच न्हाय ताई. साठी उलटली."

 पण एक गोष्ट निकिताखेरीज कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. पट्ट्या आबांनी लिहिल्याच नव्हत्या. तिनं लिहिल्या होत्या. आणि लिहिताना तिचं अर्धं लक्ष त्या वळशाकडे होतं. दोन नळ्या जुळ्या बहिणींसारख्या. 'ड्रा' ह्या नळीवर आणि 'क्ली' त्या नळीवर, असंच केलं होतं ना आपण? की उलट? तिला आठवेना. जितकं आठवायला जावं तितकं ते उलट वाटायला लागलं.

सांगावं का? पण नुसतं "माझी चूक असेल" म्हणून काय होणार? आबा म्हणतील, नाही बाळ, बघायचं काम माझं होतं. आणि पाना तिथेच राहील.

कुणाचं लक्ष नाही असं बघून ती मागच्या अंगणात गेली.

पांढरी गाडी होती तशीच उभी होती. निकितानं फ्रॉकची घडी गुडघ्यांत धरली, आईची क्षणभर आठवण काढली, आणि सरळ मातीत आडवी होऊन गाडीखाली डोकं घातलं. सांगाड्यावर तिच्या दुसऱ्या पट्ट्या अजून चिकटलेल्या होत्या. एका बाजूला 'ड्रा', कान्याला वळसा. ती बाजू कुठली? ती सरपटत बाहेर आली आणि वर बघितलं. वर स्टिअरिंग होतं. ड्रायव्हरची सीट.

म्हणजे बरोबर! ड्रायव्हर साईडला 'ड्रा'. तिनं काहीच उलटं लिहिलं नव्हतं.

तिला हायसं वाटलं. पण ते जेमतेम दोन श्वास टिकलं. आपण बरोबर, आबा बरोबर, पट्ट्या बरोबर. मग स्टिअरिंगला झालं काय? आता तिला आधीपेक्षाही जास्त भीती वाटली. चूक असली की निदान कुणाची तरी असते. इथे तर कुणाचीच नव्हती, आणि महिपतरावांचा अंगठा मात्र सुजला होता.

ती सवयीनं पांढऱ्या गाडीत चढली, आपल्या रोजच्या जागेवर बसली, स्टिअरिंग धरलं. समोर शेडच्या उघड्या दारातून लाल गाडी पाठमोरी दिसत होती. दोन्ही गाड्यांची तोंडं एकाच दिशेला, रस्त्याकडे. पुढे एक मागे एक, जणू दोघी सिग्नलला थांबल्यात.

निकितानं आपल्या हातातल्या स्टिअरिंगकडे पाहिलं. मग समोरच्या लाल गाडीच्या स्टिअरिंगकडे. मग पुन्हा आपल्या.

तिनं धाडकन दार उघडलं.

ती पळत शेडमध्ये आली. फ्रॉकला पुढून माती, मागून माती. प्रियदर्शनी म्हणाली, "अगं, काय झालं तुला?"

"आबा, चला. जरा चला माझ्याबरोबर."

"निकिता, आत्ता न्हाय बाळ."

"आत्ताच. एकदा. मग पाहिजे तर शटर बंद करा."

ती त्यांचा हात धरून ओढत त्यांना पांढऱ्या गाडीकडे घेऊन गेली. मागून महिपतराव अंगठा धरून आले, त्यांच्या मागे प्रियदर्शनी.

"बसा ड्रायव्हरच्या जागेवर," निकिता म्हणाली.

आबा बसले. नातीपुढे कोणाचं चालतं?

"आता ड्रायव्हर साईडचा हात वर करा."

आबांनी दाराकडचा हात वर केला. उजवा.

"आता या." ती त्यांना तशीच लाल गाडीपाशी घेऊन गेली. "बसा ड्रायव्हरच्या जागेवर. करा ड्रायव्हर साईडचा हात वर."

आबांनी दाराकडचा हात वर केला. डावा.

तो हात वरच राहिला. आबांनी आधी हाताकडे पाहिलं, मग स्टिअरिंगकडे, मग मागे वळून पांढऱ्या गाडीकडे. त्यांचं तोंड उघडं पडलं. बोटं हवेत तशीच पसरलेली, वर्गात उत्तर येत असून नाव न पुकारलेल्या मुलासारखी.

"आयला," ते कुजबुजले.

"काय झालं?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"पिचकारी होती तशीच बसवली, उजवं टोक उजवीकडंच," आबा अजून हात खाली न घेता म्हणाले. "पण नळ्या पट्टी बघून जोडल्या. 'ड्रा' म्हणजे ड्रायव्हर साईड. पांढरीत ती उजवीकडं. हिच्यात ती डावीकडं. साहेबांनी डावीकडं सांगितलं, तोटीनं तेल उजवीकडं सोडलं. चाकं उलटी गेली, म्हणून तोटी आणखी उघडली, म्हणून चाकं आणखी उलटी. पट्टी बरोबर, जोडणी बरोबर, नि काम साफ उलटं." त्यांनी कपाळावर हात मारला. "मीच म्हणलो हुतो ड्रायव्हर जागा सोडत न्हाय!"

"सोडली की पस्तीस वर्षांपूर्वीच," महिपतराव म्हणाले. आवाज अजून कापत होता, पण धार परत येत होती. "आणि तुम्ही तीन आठवडे रोज ह्याच दारातून आत-बाहेर करत होतात कचरूशेठ. दिसलं नाही?"

"दिसत हुतं साहेब. शब्दानं झाकलं हुतं."

 मग महिपतरावांनी सुजलेला अंगठा वर करून पाहिला. "आणि जॅकवर पाहिलं असतंत तर हा सुद्धा वाचला असता. घड्याळ माझं होतं. ते तुमच्या हिशेबात धरू नका."

निकिता पुढे झाली.  "आबा, मला वाटलं मीच उलटं लिहिलंय. मी मघाशीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या फ्रॉकवरच्या मातीकडे पाहिलं. "मग काय केलंस?"

"बघायला गेले."

"हां," आबा म्हणाले. त्यांनी जमिनीवर ठेवलेला पाना उचलला. "आम्ही बघायलाच गेलो न्हाय. आम्ही वाचत बसलो."

गाडी पुन्हा जॅकवर चढली. आबा काळ्या झालेल्या शर्टानिशी पुन्हा खाली शिरले, दोन्ही नळ्या सोडवून अदलाबदल करून जोडल्या, सांडलेल्या तेलाच्या जागी नवं भरलं. निकितानं जुन्या पट्ट्या ओरबाडून काढल्या आणि नव्यांवर लिहिलं 'गाडीची डावी' आणि 'गाडीची उजवी'. खाली एक छोटा बाण काढला, गाडीच्या तोंडाकडे. वळसा दिला नाही.

"सगळे मागं व्हा," आबा म्हणाले. "अजून मागं. साहेब, तुम्ही पण."

"मी केव्हाच झालोय."

आबांनी गिअर सुटा आहे, हँडब्रेक ओढलेला आहे हे दोनदा पाहिलं. बाहेर उभं राहून, अंग लांब ठेवून, आत हात घालून किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं. प्रियदर्शनीनं डोळे गच्च मिटले.

स्टिअरिंग हललं नाही.

एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. ते जागच्या जागी गरीब गाईसारखं उभं होतं. आबांनी इंजिन बंद केलं, जॅक उतरवले, चाकं जमिनीला टेकली. पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा काही झालं नाही. इंजिन आपलं गुरगुरत राहिलं.

"दुसरी लिंबं आणू का, बाबा?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"नको. मघाच्या लिंबांनी आपल्या वाट्याचं सोसलंय." महिपतराव एक पाऊल पुढे आले. डावा हात दाराकडे नेला. हात दारावर टेकला, पण दार उघडेना. त्यांनी आबांकडे पाहिलं. "कचरूशेठ, आधी तुम्ही."

आबांनी आपला हात स्टिअरिंगकडे नेला. ज्या हातानं कात्रजच्या घाटात बंद पडलेले ट्रक उतरवले होते, तो हात स्टिअरिंगपासून वीतभर अंतरावर थांबला.  त्यांनी बोटं मिटली, उघडली, परत मिटली.

मोठी माणसं तिघं. तिघांनाही आता माहीत होतं काय चुकलं होतं, आणि ते दुरुस्त झालं होतं हेही माहीत होतं. तरी एकाचाही हात पुढे जात नव्हता. अंगाला बसलेला धक्का डोक्याचं ऐकत नाही.

निकितानं फ्रॉकला हात पुसले. दार उघडलं. डावीकडचं. ती सीटच्या अगदी कडेवर बसली, कारण एरवी तिचे पाय खाली पोचतच नव्हते. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि एकदा समोरच्या टायरकडे वाकून पाहिलं, जिथे लिंबाचं साल अजून चिकटलेलं होतं.

मग तिनं एक बोट उचललं, स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकवलं, आणि ते हळूच डावीकडे ढकललं, आणि ते बोटाबरोबर निमूट डावीकडे वळलं.